घोडा कोणाचा?

कोणा मोठ्या माणसाचं नाव निघालं की ताकसांडे सर एकच प्रश्न विचारत : "घोडा कोणाचा?"

हा प्रश्न त्यांना जुन्या मराठी फौजेने दिला होता. त्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. लांबून दोघे सारखेच दिसत. धूळही दोघे सारखीच उडवत. फरक कळायचा तो चाकरी सुटल्यावर. शिलेदार घोड्यावरून घरी जाई, बारगीर पायी. सरांचं म्हणणं असं की माणसाची बरीचशी कीर्ती या एका कसोटीवर उतरते किंवा उतरत नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये एकदा वाणिज्य विभागाच्या एका प्राध्यापकांनी पेढे आणले. त्यांना परगावच्या कुठल्याशा संस्थेने 'शिक्षणमहर्षी' केलं होतं. ताकसांडे सरांनी पेढा घेतला, मनापासून अभिनंदन केलं, पेढा संपवला, बोटं रुमालाला पुसली आणि मग अगदी आदराने तो प्रश्न विचारला. दोन दिवसांत उत्तर सगळ्यांना कळलं. त्या संस्थेचे सचिव हे महर्षींचे साडू होते.

मी त्या महाविद्यालयात मराठी शिकवायची. ताकसांडे सर इतिहास शिकवत आणि तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्या तासांचं मानधन. दिवाळीत काही नाही, उन्हाळ्यात काही नाही. एप्रिल संपला की माणूस उरायचा, प्राध्यापक उरायचा नाही. जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा आणि मुलाखतीत स्वतःची नव्याने ओळख करून द्यायची, तीही अशा लोकांना, ज्यांच्याबरोबर मार्चपर्यंत रोज चहा प्यायला होता. हे त्यांनी एकोणीस वर्षं केलं. ओळख करून देण्यात ते तरबेज झाले होते.

अंगाने उंच आणि शेलाटे. कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या बाह्या. खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम लाल. राहायला वर्ध्याजवळच्या नालवाडीला, एका निवृत्त तलाठ्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. पत्नी संध्याताई दवाखान्यात परिचारिका होत्या आणि घर मुख्यतः त्या चालवत. सर हे लपवत नसत. कोणी विचारलं तर "सध्या संध्याच्या घोड्यावर आहे" असं सांगत.

सकाळी ते आमच्याकडे शिकवत आणि दुपारी समुद्रपूरकडच्या एका महाविद्यालयात. मध्ये जामला बस बदलावी लागे. जाम म्हणजे मोठा चौफुला. ट्रक, ढाबे, पंक्चरची दुकानं आणि कुठेतरी दुसरीकडेच जायचं असलेली माणसं. तिथे सरांची बस कधी अर्ध्या तासाने यायची, कधी दीड तासाने. त्या वेळात, दिवाकरभाऊंच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसून, त्यांनी मध्ययुगीन युरोपातल्या तरुण सरदारांचे शब्द गोळा केले.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते सांगते. एक मंडळ इतिहासाचा परिभाषा कोश करत होतं. 'सरदारकी, शिलेदारी व तत्संबंधी युरोपीय संज्ञा' असा एक विभाग मंडळाने आमच्याकडच्या इतिहासाच्या विभागप्रमुखांकडे पाठवला. विभागप्रमुखांनी पत्र वाचलं, पाण्याचा ग्लास त्यावर ठेवला आणि ताकसांडेंना बोलावलं. काम तीन महिन्यांचं होतं. सरांना सात वर्षं लागली.

याचं कारण त्यांची पद्धत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू ते चौकोनी कापत आणि एका तुकड्यावर एक शब्द घेत. शब्दाखाली चार ओळी ठरलेल्या होत्या : हा शब्द कोणाला लावत, कोण लावत असे, कोणत्या वयापर्यंत, आणि शेवटी घोडा कोणाचा. चारही ओळी भरल्याशिवाय मराठी प्रतिशब्द लिहायचा नाही. एक जरी ओळ रिकामी राहिली तरी तुकडा बिस्किटांच्या डब्यात पडून राहायचा, मग वर्ष जावो की दोन. "अर्धी चिठ्ठी म्हणजे खोटी चिठ्ठी," असं ते म्हणत. डब्यातली 'स्क्वायर' या शब्दाची चिठ्ठी उलटी केली की मागे 'आमच्या येथे श्री कृपेकरून' निघायचं आणि 'पेज', म्हणजे सरदाराघरचा पोरसवदा चाकर, त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी मामांची अर्धी यादी.

परीक्षेच्या कामासाठी मी एकदा त्यांच्यासोबत जामपर्यंत गेले होते. दिवाकरभाऊंनी चहा ठेवला आणि रोजच्या सवयीने विचारलं, "आज कोणता पोट्टा आणला, सर?"

"आज जर्मनीचा हाये," सर म्हणाले. कॉलेजात त्यांची भाषा पुस्तकी असे. जामला ती आपोआप घरी जायची.

मग त्यांनी दिवाकरभाऊंना जे सांगितलं ते मला कुठल्याही व्याख्यानात ऐकायला मिळालं नव्हतं. इंग्रजीतला 'नाइट', म्हणजे तो चिलखतवाला, ज्याच्यापुढे सगळं गाव वाकायचं, तो शब्द मुळात पोऱ्याचा. पोऱ्या, म्हणजे घरातला हरकाम्या. हळूहळू तो घोड्यावर बसला, त्याला जमीन मिळाली आणि शब्दाची बढती झाली. जर्मनीतही तोच शब्द होता. तिथे तो बढतीला मुकला आणि शेवटपर्यंत शेतावरचा गडीच राहिला. फ्रान्समध्ये 'व्हॅलेट' हा आधी खानदानी पोरगा होता, पुढे मालकाचे कपडे झटकणारा झाला. 'स्क्वायर' म्हणजे दुसऱ्याची ढाल वाहणारा. 'चाइल्ड' म्हणजे सरदारकीची वाट पाहत बसलेला तरुण.

"म्हंजे सगळे पोट्टेच," दिवाकरभाऊ म्हणाले.

"सगळे पोट्टेच. माह्या आज्याले मालगुजाराच्या वाड्यावर साठाव्या वर्षीबी पोट्टाच म्हणत. फक्त त्याच्या शब्दाची बढती झाली नाई."

हे त्यांनी चहाला फुंकर मारत सांगितलं. दिवाकरभाऊंनी त्यांच्या कपात न विचारता अर्धा चहा आणखी ओतला. नंतर बस आली.

त्यांना सर्वांत जास्त रस होता तो म्हाताऱ्या स्क्वायरांमध्ये. तलवार मिळायची, सरदारकीची शपथ व्हायची, तर त्याचा खर्च मोठा असे. चिलखत, घोडे, मेजवानी. ज्यांना झेपत नसे ते तसेच राहत. चाळिशी जाई, दाढी पांढरी होई आणि तरी माणूस दुसऱ्याची ढाल वाहत राही. यावर सरांच्या नऊ चिठ्ठ्या होत्या. मी एकदा न राहवून म्हटलं, की सर, हे तर आपल्या तासिका तत्त्वासारखंच झालं. त्यांनी थोडा विचार केला. "नाही मॅडम, तुलना बरोबर नाही. त्यांना जेवण मिळायचं."

आता बापूसाहेब. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. माणूस दुष्ट नव्हता, हे आधी सांगायला हवं. पावसाळ्यात वसतिगृह गळलं तर स्वतः शिडी लावून वर चढणारा. मात्र समारंभ दिसला की त्यांना स्वतःला आवरत नसे. गॅदरिंगला दोन स्वागतगीतं असत, कारण पहिलं सुरू असताना ते अजून मंचाकडे चालत असत. अलीकडे महाविद्यालयातच पदवीवाटप सुरू झालं होतं. झगे, उपरणी, आणि प्राचार्यांच्या दालनापासून सभागृहापर्यंत मिरवणूक. मिरवणुकीपुढे एक चांदीचा मुलामा दिलेला दंड धरून चालायचं काम असे. कायम नोकरीतल्या कुणालाच ते नको असायचं. उंची बघून ते ताकसांडे सरांकडे आलं. दर वर्षी ते दंड घेऊन, लग्नातल्या बॅण्डमागे, गंभीर चेहऱ्याने चालत. घोडा कोणाचा हे त्या दिवशी विचारायची गरज नसे.

त्या वर्षी मिरवणुकीची तालीम चालू असताना बापूसाहेबांनी सहज विचारलं, की हे बी.ए.मधलं 'बॅचलर' म्हणजे नेमकं काय. सरांनी सहज सांगितलं, की एके काळी तो तरुण शिलेदार होता, स्वतःचं निशाण नसलेला, दुसऱ्याच्या निशाणाखाली लढणारा. पुढे पदवीधरालाही तेच म्हणू लागले. सरांना वाटलं, विषय संपला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराचा फक्त पहिला भाग ऐकू येतो, ही गोष्ट इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्या लक्षात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावणं आलं. मी तिथे होते, कारण सूत्रसंचालन दर वर्षी माझ्याकडेच असे.

"सर, ते शिलेदाराचं तुम्ही बोल्ले, ते भारी होतं," बापूसाहेब म्हणाले. "आपण पोट्ट्यांच्या खांद्याले तलवार लावू. विलायतेत लावते नं तशी. एकेक करून. पण विलायतेचं म्हणून नाई. हे आपल्याच इकडचं होतं, केळझरच्या टेकडीवर वीरांचा असाच मान करत, असं तुम्ही दोन ओळी बोलून द्या. तुम्ही इतिहासाचे. तुमचं लोक मानते."

"असं कुठे सापडत नाही, साहेब."

"सापडत नाई म्हणजे नव्हतं, असं होते काय?"

प्रश्न वाईट नव्हता. इतिहासाचे चांगले अभ्यासक त्यावर आयुष्य घालवतात. बापूसाहेबांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. उठता उठता ते म्हणाले, की इतिहासाची कायम जागा मंजूर झाली आहे, मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत, आणि ताकसांडे सरांनी आता तरी मार्गी लागावं अशी त्यांची फार इच्छा आहे. ही धमकी नव्हती. त्यांची खरोखरच तशी इच्छा होती. दोन गोष्टी एका श्वासात बोलल्या गेल्या, इतकंच.

सर तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. इतिहासाची जागा त्याआधी तीनदा निघाली होती आणि तीनदा कुणातरी दुसऱ्याला मिळाली होती. चौथ्यांदा निघेल याची खात्री कुणालाच नव्हती. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत झालं, जे तिथे सहसा होत नाही. दोन ओळी. कोण लक्षात ठेवतं? संध्याताईंनी तर मला भर रस्त्यात थांबवून सांगितलं, "मॅडम, तुम्ही समजवा बाप्पा त्यायले. दोन ओळीनं जीभ झडत नाई. मले रातपाळ्या करून एकवीस वर्षं झाली."

मी समजावलं. नुसतं समजावलंच नाही, त्या दोन ओळी मी त्यांना लिहूनही दिल्या. मराठीच्या प्राध्यापिकेला जमतं ते. 'खड्गस्पर्शाने वीरपद प्रदान करण्याची प्रथा आपल्या या भूमीत प्राचीन काळी प्रचलित होती. केळझरच्या टेकडीने असे अनेक सोहळे पाहिले आहेत.' दुसऱ्या ओळीचा मला त्या वेळी अभिमानही वाटला होता. टेकडीने पाहिलं, असं म्हटलं की साक्षीला कोणी बोलावत नाही.

सरांनी कागद वाचला. एवढंच म्हणाले, "तलवारीचं नंतर आलं, मॅडम. आधी तलवार नव्हती. हाताने मारत."

मग त्यांनी ते समजावून सांगितलं. सरदारकी देताना वडीलधारा माणूस त्या तरुणाला मानेवर किंवा गालावर एक सणसणीत ठेवून द्यायचा. अर्थ असा की हा तुझा शेवटचा मार. आजवर तू पोऱ्या होतास, कोणीही मारत होतं. यापुढे कोणाचाही मार उलट उत्तर दिल्याशिवाय खायचा नाही. पुढे लोक नाजूक झाले, तेव्हा त्या चपराकेची तलवार झाली आणि खांद्यावर टेकली. ही 'अ‍ॅकोलेड' या शब्दाची चिठ्ठी त्यांनी सर्वांत आधी सुरू केली होती आणि सर्वांत शेवटी पूर्ण केली होती. तिच्यावर त्यांनी लाल पेनने प्रतिशब्द लिहिला होता : 'अखेरची चपराक'.

"हे सांगू का स्टेजवर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगू नका.

समारंभाच्या दिवशी तलवार आली ती फेटेवाल्याच्या दुकानातून. शिपायाला 'तलवार आण' एवढंच सांगितलं होतं, आणि वर्ध्याच्या बाजारात भाड्याने तलवार मिळते ती नवरदेवाची. लाल मखमलीचं म्यान, जरीचा गोंडा, गोंड्यात कुठल्या तरी लग्नातल्या दोन-चार अक्षता. बापूसाहेब मंचावर ती उपसायला गेले तर निघेना. नवरदेवाने कुणाला मारू नये म्हणून असल्या तलवारी म्यानाला खिळवलेल्याच असतात. बापूसाहेबांनी दोनदा ओढून पाहिली आणि हळूच म्हणाले, "राहू द्या. म्यानासकटच बरी. कोणाले लागन-बिगन."

मी सरांचं नाव पुकारलं. दंड भिंतीला टेकवून ते माइकशी आले. कागद त्यांनी खिशातून काढला नाही, ओळी पाठ होत्या. पहिली बोलले. मग थांबले. बॅण्डवाल्याला वाटलं झालं, त्याने बाजा तोंडाला लावला. मी जागेवरून पाहत होते. त्यांच्या तोंडाशी पुढचं आलेलं होतं, ती चपराक, ते म्हातारे स्क्वायर, सगळं. पहिल्या रांगेत संध्याताई बसल्या होत्या. रातपाळी करून थेट आल्या होत्या आणि डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होत्या. सर दुसरी ओळ बोलले आणि खाली आले. टाळ्या झाल्या. त्यानंतर एकशे बारा पदवीधरांच्या खांद्याला मखमल लागली.

जागा त्यांना मिळाली. निवड समितीत काय झालं ते मला माहीत नाही. आलेल्यांत सर्वांत लायक तेच होते, हे खरं आहे. पण ते आधीच्या तीन मुलाखतींतही खरं होतं.

रुजू झाल्याच्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. पेढे होते आणि बिस्किटांचा डबाही होता. कोशाचा विभाग दुसऱ्या दिवशी मंडळाकडे जायचा होता. त्यांनी डबा उघडला, 'अखेरची चपराक'ची चिठ्ठी काढली आणि टेबलावर वेगळी ठेवली. ही जाणार नाही, म्हणाले. त्या शब्दाची नोंद दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावी असं मंडळाला कळवलं आहे.

"पण चारही ओळी भरलेल्या आहेत," मी म्हटलं.

"हो. पण या विषयावर मी जाहीर खोटं बोललो आहे. साक्षीदार बाद."

मी म्हटलं, की हे जरा जास्तच होतंय, त्या दोन ओळी मुळात माझ्या होत्या. ते हसले. "लिहिल्या तुम्ही. पण इतिहासाचा माणूस म्हणून बोललो मी."

कोश छापून आला तेव्हा त्या विभागातल्या साठेक नोंदी त्यांच्या होत्या. अजूनही त्या वाचाव्यात, इतक्या नेमक्या आहेत. फक्त त्या एका शब्दाशी परक्या माणसाची अडीच ओळींची नोंद आहे : 'वीरपदप्रदान विधी. खड्गाने स्कंधस्पर्श करणे.' चपराकेचा उल्लेख नाही.

त्या दोन ओळींचं मात्र चांगलं चाललं. पुढच्या वर्षी त्या कार्यक्रमपत्रिकेवर छापल्या गेल्या, खाली 'इतिहासतज्ज्ञ प्रा. ताकसांडे यांच्या संशोधनानुसार' असं. त्याच्या पुढच्या वर्षी एका स्थानिक वर्तमानपत्राने त्यावर लेख केला आणि केळझरच्या टेकडीवर ज्या दगडापाशी सोहळा होई त्या दगडाचाही फोटो टाकला. दगड कोणी शोधला ते कळलं नाही. दंड आता तासिका तत्त्वावरचा नवा मुलगा धरतो. सर झगा घालून दुसऱ्या रांगेत बसतात आणि तलवार निघाली की खाली मान घालून पत्रिका वाचतात.

मग परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेत तेच आलं. मध्ययुगीन सरदारकीवर टीप लिहा, असा प्रश्न होता. मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की ही प्रथा प्राचीन काळी वर्धा जिल्ह्यात उगम पावली व तेथून युरोपात गेली. युरोपात गेली हे तिचं स्वतःचं संशोधन होतं. सरांनी ते पान मला दाखवलं. लाल पेन हातात होतं. बराच वेळ त्यांनी ते टेकवलं नाही. शेवटी पूर्ण गुण दिले. तिने शिकवलेलं लिहिलं, म्हणाले, चुकलेला मी आहे, तिचे गुण कसे कापू?

त्या वर्षापासून त्यांनी एक नवी प्रथा सुरू केली. तिचा कोणाला पत्ता नव्हता. मलाही योगायोगाने लागला, माझ्या निवृत्तीच्या दिवशी, ग्रंथालयाची पुस्तकं परत करून व्हरांड्यातून येताना. दुसऱ्या वर्षाचा वर्ग चालू होता, दार उघडं होतं. फळ्यावर 'सरदारकी' लिहिलेलं. सर मुलांना सांगत होते की समारंभात खांद्याला तलवार लावतात ती प्रथा इथली नाही, केळझरची नाही, तसा कुठलाही पुरावा नाही.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "पण सर, पत्रिकेवर तर तुमचंच नाव हाये नं. तुम्हीच बोल्ले."

"बोललो. खोटं बोललो. नोकरीसाठी बोललो."

वर्ग खो खो हसला. पोरांना वाटलं सर विनोद करताहेत. असे विनोद ते करायचेच. एका मुलीने हसता हसता वहीत लिहायचंही थांबवलं.

मी दारापासून जरा बाजूला झाले. सर हसले नाहीत. हातातला खडू तसाच धरून ते मुलं गप्प होण्याची वाट पाहत उभे राहिले. आणि वर्ग शांत झाल्यावर तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.